पिस्ता लावलेला लाडू

"मंगळवारी माझं नागपूरचं विमान, आणि सुनेनं पासपोर्ट लपवलाय!" शोभनाकाकूंनी डोळे पुसले, तरी लाडवांची बशी पुढे करायला विसरल्या नाहीत. "घ्या. बेदाणे संपले, म्हणून या खेपेला पहिल्यांदाच पिस्ता लावलाय."

क्युपर्टिनोतल्या त्या घरी कादंबरी नावाची खाजगी डिटेक्टिव्ह आली होती. सोबत नवरा एकनाथ. बेसनाच्या खमंग वासानं त्याला आजोळ आठवलं. अशा घरात कसली आलीय चोरी!

"शेवटचा कधी पाहिलात, काकू?"

"काल सकाळी. माझा मुलगा शंतनू कामासाठी विमानानं रेडमंडला जायला पहाटेच निघाला. तो गेल्यावर पासपोर्ट पाहिला, मग लाडू वळले, नातीला पार्कात नेलं. येऊन बघते तर ड्रॉवर रिकामा. घरात ही सून एकटी!"

आश्लेषाचे डोळे सुजले होते. "मी वर कॉलवर होते, कादंबरीताई. आई गेल्या की अनिकाला कोण बघणार, हे टेन्शन आहेच. पण म्हणून चोरी?"

"शंतनू पोचल्याचं कधी कळलं?"

"दुपारी फोन आला."

नुकताच परतलेला शंतनू चिडला. खिशातलं कार्ड त्यानं टेबलावर आपटलं. "हे पैसे भरून घेतलंय. एअरपोर्टवर मशीनवर बोट ठेवलं की सिक्युरिटीची लाइन टळते. काल पहाटे सहाला मी आत होतो. रेकॉर्ड चेक करा!"

"एवढ्या पहाटे निघालास. विमानात काही खाल्लंस?"

"आईचे लाडू होते ना. पिस्ता मस्त लागतो."

"म्हणजे सूनच," एकनाथ पुटपुटला.

"एकनाथ, हातातला लाडू बघ." कादंबरी शंतनूकडे वळली. "पिस्त्याचे लाडू तू गेल्यावर वळले गेले. मग तुझ्याकडे आले कसे? मशीन आत जाणाऱ्याचं बोट बघतं. बाहेर पडणाऱ्याला कोणी हटकत नाही. तू आत गेलास, परत घरी आलास आणि नंतरचं विमान पकडलंस. दोन तासांचा प्रवास, तरी पहाटे निघालेल्या माणसाचा फोन दुपारी! कालच्या सगळ्या विमानांची चौकशी करू?"

शंतनूनं लॅपटॉपच्या बॅगेतून पासपोर्ट काढला.

"गेटपाशी बसलो होतो. राहवेना. आई, गेल्या वर्षी नागपूरला तू बाथरूममध्ये पडलीस. रात्रभर तशीच होतीस. शेजाऱ्यांनी सकाळी दार फोडलं. परत तिथे एकटी…"

काकूंनी पासपोर्टला हात लावला नाही. "आश्लेषा, मी तुला चोर म्हटलं गं."

आश्लेषानं त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ती नवऱ्याकडे बघत होती.

"आणि तू ऐकत बसलास."

एकनाथनं अर्धा लाडू हळूच बशीत ठेवला.