मी बंद केलेली घंटी

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. मला कुणाला काही पटवायचं नाहीये.

पण हे खरं आहे. माझ्या सख्ख्या भावाबरोबर, माझ्या डोळ्यांदेखत घडलंय.

आणि रात्र वगैरे नव्हती हो. मंगळवार होता. दुपारचे पावणेचार. आमच्या फर्निचरच्या कारखान्याचं शटर सताड उघडं, बाहेर रस्त्यावर गाड्यांचा गोंगाट.

कारखाना आमच्या मामांचा. मी आणि माझा धाकटा भाऊ, छोट्या, त्यांच्याच हाताखाली शिकलो. छोट्या फक्त नावाला छोटा, उंचीनं माझ्यापेक्षा वीतभर जास्त.

मामांना या वयात मोबाईलचं भारी वेड लागलं होतं. मोठ्या करवतीला त्यांनी एक रिमोटचा डबा जोडला होता. फोन खिशात घालून ते कारखान्यात आले की फोनला कळायचं. आधी घंटी वाजायची. मग दहा सेकंदांनी करवत आपोआप सुरू व्हायची. या ऑटोमेशनला त्यांनी नाव दिलं होतं, ‘मी आलो’.

"ते दहा सेकंद कशाला?" मी एकदा विचारलं होतं.

"अरे शहाण्या, कुणाचा हात आत असला तर काढायला नको?"

तीन महिन्यांपूर्वी त्याच करवतीनं मामांचा उजवा हात कोपरापासून तोडला.

सुट्टीचा दिवस होता. ते एकटेच पातं बदलायला गेले होते. आम्ही पोचलो तेव्हा जमिनीवरचा सगळा भुसा रक्तानं भिजून लाल चिखल झाला होता. मामा भिंतीला टेकून बसलेले. डोळे उघडे. त्यांच्यात जीव उरला नव्हता.

करवतीचा खटका बंद होता.

फोन घरी राहिला होता. म्हणजे ‘मी आलो’ चालूच झालं नव्हतं.

मग करवत सुरू केली कुणी?

सगळे म्हणाले, डब्यात बिघाड असेल. मी त्याच दिवशी तो डबा उपटला आणि हातोड्यानं फोडला. करवत साध्या खटक्यावर घेतली. मामांचा फोन मात्र कारखान्यातच फळीवर ठेवला, कारण गिऱ्हाइकांकडे तोच नंबर होता.

आठवडाभरानं...

टिंग.

फोनवर सूचना आली. ‘मी आलो’ सुरू झाले.

फोन फळीवर होता. कुणी आलं नव्हतं, कुणी गेलं नव्हतं.

मग हे रोजचंच झालं. कधी सकाळी, कधी दुपारी, वेळेचा काही नेम नाही. डबाच नाही म्हटल्यावर करवत काही सुरू व्हायची नाही. नुसती घंटी.

पण छोट्या घंटी वाजली की हातातलं काम टाकून करवतीपासून चार पावलं मागे सरकायचा. दोन-तीन मिनिटं हलायचाच नाही.

"काय रे, मामांना सलामी देतोस काय?" मी चिडवायचो.

एकदा त्यानं मला करवतीच्या टेबलाजवळ नेलं. भुशात पंजा उमटला होता. पाची बोटं पसरलेली, लांबलचक.

"तुझाच आहे," मी म्हणालो.

त्यानं आपला हात शेजारी धरला. त्याचा हात निम्मा होता.

मी तो भुसा झटकून टाकला. भीती वाटली होती, खोटं का बोलू? पण माझा स्वभावच असा की भीती वाटली की मला राग येतो.

सोमवारी एका कपाटाचं काम अर्जंट होतं. मी महागड्या प्लायचं एक टोक धरलेलं, दुसरं छोट्यानं. तेवढ्यात टिंग झालं आणि या पठ्ठ्यानं टोक सोडून दिलं! प्लाय माझ्या पायावर. कोपऱ्याचा टवका उडाला तो वेगळाच.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंडाला येईल ते बोललो त्याला.

संध्याकाळी तो गेल्यावर मी मामांचा फोन हातात घेतला. ते ऑटोमेशनच काढून टाकणार होतो. पण मामांनी हौसेनं बनवलेलं, पुसायला जीव होईना. खाली एक बटण होतं, ‘चालल्यावर कळवा’. ते बंद केलं. म्हटलं, चालू दे गुपचूप, आपल्या डोक्याची कटकट तर गेली.

छोट्याला सांगितलं नाही. रागात होतो ना.

मंगळवारी दुपारी तो पातं बदलायला बसला. खटका बंद केला. मला दाखवलासुद्धा. पान्हा घेऊन हात आत घातला. मी पलीकडे दाराला पॉलिश करत होतो.

घंटी वाजली नाही.

आणि मग... आवाज गेले.

रस्ता गेला, पंखा गेला. पंखा फिरत होता, पण ऐकू येत नव्हता.

मी वळलो. खटका बंदच होता.

आणि पातं फिरत होतं.

छोट्याची किंकाळी मी पाहिली. ऐकली नाही. त्याचं तोंड उघडलेलं, रक्ताची चिळकांडी थेट छतापर्यंत. मी धावत जाऊन मेनचा फ्यूज उपटला. दिवे गेले, पंखा थांबला.

पातं थांबलं नाही.

मी त्याच्या कमरेला मिठी मारून जिवाच्या आकांतानं मागे ओढलं. तो येईना. देवाशपथ सांगतो, समोरून कुणीतरी त्याला ओढत होतं. माझ्याहून जास्त ताकदीनं. हाड चिरल्याची थरथर त्याच्या अंगातून माझ्या छातीत येत होती. मी रडत होतो, शिव्या देत होतो, "मामा, सोडा त्याला!" म्हणून ओरडत होतो.

अचानक तो सुटला. आम्ही दोघं पाठीवर आपटलो.

चार बोटं आणि अर्धा तळवा आतच राहिला.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी मनगटावरचे काळेनिळे वळ दाखवून विचारलं, "इथं घट्ट काय बांधलं होतं?" मी फडकं बांधलं होतं ते दंडाला. मनगटाला आम्ही कुणी हात लावला नव्हता.

पाचव्या दिवशी छोट्या नीट बोलला.

"दादा, ते मामा नव्हते. मामांनाही त्यानंच धरलं होतं."

"कशावरून?"

"मामा घंटी वाजवायचे. मला मागे व्हायला. ते यायचं घंटीनंतर. बरोबर दहा सेकंदांनी. रोज. मी मागे उभा राहून बघायचो, भुसा दबताना."



थोड्या वेळानं त्यानं पट्ट्यांत गुंडाळलेल्या हाताकडे पाहत विचारलं, "त्या दिवशी मामांनी का नाही रे वाजवली?"

मी म्हणालो, "माहीत नाही."

त्याच रात्री जाऊन ते बटण पुन्हा चालू केलं. आज दोन महिने झाले. घंटी एकदाही वाजलेली नाही. कारखाना बंद आहे. छोट्या म्हणतो डाव्या हातानं काम शिकेन, चल उघडूया. मी रोज काहीतरी कारण काढतो.

तो इथल्या भुताखेतांच्या गोष्टी नेमानं वाचतो.

छोट्या, वाचत असशील तर... मामांनी वाजवली होती रे. बंद मी केली होती.