ताईचं दुखणं थांबलं तेव्हा

ताईला बदलायचे कपडे द्यायला मी भर दुपारी वॉर्डात गेलो. पोटरीत गुलाबाचा काटा घुसला होता, एवढंच. मधुमेह आहे म्हणून दाखल करून घेतलेलं. पोटरी जराशी लाल दिसत होती. ताई मात्र उशी चावत होती.

"मांस कुजवणारा जंतू असावा," ड्युटीवरची डॉक्टर म्हणाली. "ताबडतोब उघडून साफ करायला हवं. पण सर दुसऱ्या ऑपरेशनमध्ये आहेत."

"मग दुसऱ्या सरांना बोलवा!"

"दुसरे सर नाहीतच."

दारात संगमरवर, आणि आत सर्जन एकच! मी असा काही आवाज चढवला की सगळा वॉर्ड वळून बघू लागला.

"तिच्यावर कशाला गुरकावतोस?" ताई कण्हत म्हणाली. "सुई दिसली की पलंगाखाली लपायचास... आलाय मोठा पत्रकार."

डॉक्टर फोनकडे धावली. पडद्याआड गोडसर, सडका वास दाटत होता. मी खिडकी उघडून वळलो, तर ताईचा चेहरा निवळला होता.

"गेलं रे दुखणं. या बाईंनी नुसता हात ठेवला..."

"कोणत्या बाई?"

"या काय बसल्यात समोर, दिसत नाहीत?"

पलंगाच्या कडेला कुणी नव्हतं. तिथे मी ठेवलेली कपड्यांची पिशवी मात्र कुणीतरी उचलून खाली ठेवली होती.

डॉक्टर परत आली. दुखायचं थांबलं, हे मी तिला आनंदाने सांगितलं. तिचा चेहरा पडला. तिने पोटरीला सुई टोचली. ताईला कळलंसुद्धा नाही.

"नसा मेल्या की दुखत नाही," ती पुटपुटली.

"हात गुडघ्यावर आलाय," ताई म्हणाली. "किती गार... आता मांडीवर..."

तिथली कातडी जांभळी पडत चालली होती.

"हात काढा!" मी रिकाम्या जागेवर ओरडलो. आयुष्यभर भल्याभल्यांना घाम फोडला. इथे भांडायला समोर माणूसच नव्हतं.

सर्जन आले तेव्हा ऊन उतरलं होतं. पाय मुळापासून काढावा लागला. "फार उशीर झाला," ते म्हणाले. "बघू. भूल उतरल्यावर खूप दुखेल त्यांना."

दुखेल! एवढी चांगली बातमी मी कधी ऐकली नव्हती.

भूल उतरली, ताईने डोळे उघडले. मी वाकलो.

"दुखतंय ना, ताई? खूप दुखतंय ना?"

"छे रे... अजिबात नाही."

आणि ती जराशी सरकली, कुणाला तरी ऐसपैस बसता यावं म्हणून.