खिडकीबाहेरची बाई

पहिली खटकलेली गोष्ट अगदी बारीक होती. दिवाळी अंकातल्या चित्रकथेच्या शेवटच्या चित्रात, यानाच्या गोल खिडकीवर, बाहेरच्या बाजूनं एक तळवा टेकलेला होता. डाव्या हाताचा.

तुम्ही म्हणाल, चित्रात हात दिसला तर त्यात एवढं काय? ती कथा माझी होती. माझी वेधा तांब्याच्या यानात बसून एकटी शुक्राकडे निघालेली, पृथ्वी मागे मोहरीएवढी झालेली. बाहेर हवा नाही, पाय ठेवायला जमीन नाही. मी हैदराबादेत कॉलेजात पदार्थविज्ञान शिकले ते असले हात बघायला? एरवी पाल चुकचुकली तरी दचकणारी मी, पण त्या दिवशी भीतीच्या आधी राग आला.

वसमतच्या उत्तमरावांना खरमरीत पत्र टाकलं. छापखाना त्यांचा, मासिक त्यांचं, चित्रांखाली नावही त्यांचंच. माझं नाव ते छापत नसत. तिथं 'एक भगिनी' असायचं. उत्तर आलं नाही. पुढचा अंक मात्र आला. त्यात हाताला मनगट होतं, बांगडीविना, आणि मागं डोक्यावर पदर घेतलेली एक बाई. पदर वाऱ्यावर उडत होता. वारा, म्हणे. त्याच्या पुढच्या अंकात ती खिडकीला तोंड लावून काहीतरी ओरडत होती, आणि तिच्या बोलण्याचा फुगा कोरा होता.

"अगं सुनीती, लोकांना आवडतंय म्हणतात," वडील म्हणाले. "लढाईमुळे कागद मिळेना झालाय, तरी तुझी कथा छापतायत. घे की गोड मानून."

मी नाही घेतलं. शेवटचा भाग उरला होता. त्यात यान परत येऊन हिंगोलीच्या माळावर उतरतं, वेधा दार उघडते आणि गवतावर पाऊल ठेवते. त्या एका पावलासाठी मी सगळं लिहिलं होतं. आपल्या गोष्टींत उंबरा ओलांडलेल्या बाईला कुणी धड घरी येऊ देत नाही. माझी वेधा येणार होती. त्यात कुणी हात घातलेला मला चालणार नव्हता. सकाळच्या गाडीनं मी वसमतला गेले.

छापखाना हळदीच्या अडतीमागं होता. शिजवलेल्या हळदीचा उग्र वास आणि शाईचा तेलकट वास एकमेकांत मिसळून घशात बसत होता. उत्तमराव गादीवर पान लावत बसले होते.

"बसा बाई. इतक्या दुरून आलात, तकलीफ झाली. चहा सांगू?"

"माझ्या कथेत ती बाई कुणी घुसवली?"

"मी कशाला घुसवू? मला बैल काढता येत न्हाई, बाई कुठून काढू?" ते हसले. मग आपण काय बोलून गेलो ते त्यांच्या ध्यानात आलं.

कोपऱ्यात शिळाछापाचे दगड धुणारा संतराम वर न बघता म्हणाला, "रूपावैनी काढत व्हत्या. दगडावर समदं उलटं काढावं लागतं, तवा कागदावर सुलट येतंय. त्यांचा डावा हात लई सफाईचा..."

"तू तुझं काम कर," उत्तमराव म्हणाले.

रूपाबाई म्हणजे त्यांची विधवा भावजय. सगळी चित्रं तिची, हे मला आत्ता कळत होतं.

"कुठं आहेत त्या?"

"जवळा बाजारला, माहेरी. दसऱ्यापासून." त्यांनी पान दुमडलं. "चित्राखाली नाव पाहिजे म्हणं. घरच्या बाईचं नाव काय बाजारात मिरवायचं?"

दसऱ्यापासून. आणि तो तळवा दिवाळीच्या अंकात आला होता.

"मग त्यानंतरची चित्रं..."

पान त्यांच्या हातातच राहिलं. आवाज खाली गेला. "तुमचा मजकूर दगडाच्या खोलीत ठेवतो. सकाळी पाहावं तर दगडावर चित्र असतंय... आयतं मिळून राहिलंय, तर छापतो."

भीतीहून संताप मोठा होता. एकीचं नाव गिळलं, दुसरीची भगिनी करून टाकली, आणि आता जे कोण काढत होतं त्याच्याकडूनही फुकट काम करून घेत होता हा माणूस.

"शेवटचा भाग दाखवा."

"आत हाय. या खेपेपासून आमी आत जाणं सोडलंय. तुमीच पाहा. नको असंल ते घासून टाका, वाळू तिथंच हाय."

खोलीला खिडकी नव्हती. दारातून येईल तेवढाच उजेड. विहिरीच्या तळाशी येतो तसा गार, ओला वास. मागच्या भिंतीला छापाचे दगड थेट आढ्यापर्यंत रचलेले, आणि मेजावर एक दगड, नुकतं पाणी मारल्यासारखा.

चित्र सुरेख होतं, हे म्हटलंच पाहिजे. माळ होता, गवत होतं, यान उतरलेलं होतं. पण यानाचं दार बंद होतं. वेधा आत होती, काचेला तळवा लावून. आणि गवतावर, पाठमोरी, पदर सावरत ती दुसरी बाई निघाली होती.

माझ्या वेधाचं पाऊल तिनं टाकलं होतं.

मी मूठभर वाळू घेतली, पाणी ओतलं, लहान दगड धरला आणि खालच्या कडेपासून घासायला लागले. दात आंबावेत असा आवाज. हात भरून आला तेव्हा थांबले. उलटं चित्र सुलट पाहायला मेजावर एक आरसा होता, तो धरला.

खालच्या कडेला अक्षरं होती. घाईत मला ती गवतच वाटली होती. 'कथा : सुनीती' एवढं स्वच्छ, अख्खं माझं नाव. त्याच्या शेजारी, निम्मं पुसलेलं, 'चित्रे : रूपा...'

माझ्याच हातानं.

मी आरसा वर सरकवला. त्यात गवतावरची बाई आता पाठमोरी नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. मग आरशातला उजेड बारीक होत गेला. मी वळले तोवर दार लागलेलं होतं.

"संतराम..."

बाहेर छापखान्यात कसलाच आवाज नव्हता. मी दार चाचपलं. आतून कडी नव्हतीच. मी उघडा तळवा दारावर आपटला, पुन्हा आपटला.

"उत्तमराव, दार उघडा... कुणी आहे का?"

हळदीचा वासही आता येत नव्हता. मी घसा फुटेस्तोवर हाका मारल्या. आणि मागून, भिंतीला रचलेल्या दगडांच्या पलीकडून, कुणीतरी अगदी समजुतीनं म्हणालं,

"नका घसा कोरडा करू, बाई. त्यांना ऐकू जात न्हाई. दसऱ्यापासून मी बी लई हाका मारल्या."