साहेब, जेवायला चला

माझा मामा थापा मारत नाही. थापा मारायला डोकं लागतं, ते सगळं यांच्या सर्किटात गेलं, असं मामीच म्हणायची. त्यामुळे त्याने सांगितलं तसंच मी सांगतोय. शेवटचं तर माझ्याच कानांनी ऐकलंय.

मागच्या मंगळवारची दुपार. हो, दुपार! लख्ख ऊन होतं, लाइट होते. मामाच्या फ्लॅटमधली मागची खोली, स्वयंपाकघराला लागून. तिथे तो जुने कॉम्प्युटर दुरुस्त करत बसतो.

तरुणपणी मामा एका छोट्या कंपनीत होता. तिथे घरगुती कॉम्प्युटर बनायचा. आठ बिटचा, सगळं कीबोर्डच्याच डब्यात, टीव्हीला जोडला की झालं. आतलं सर्किट मामाचं. जागा वाचवायला या पठ्ठ्याने चालू-बंदचं बटणच दिलं नव्हतं! बंद करायचा तर सरळ प्लग उपटायचा.

"अहो, पंख्यालासुद्धा बटण असतं," मामी त्याला आयुष्यभर चिडवत आली.

मामी त्याच कंपनीत टेस्टिंगच्या टेबलावर होती. मशीन तयार झालं की त्यावर एक ओळ टाइप करून बघायची. प्रत्येक अक्षराला आतला छोटा स्पीकर टक् करायचा. बाकीच्या मुली एबीसीडी टाइप करायच्या. मामी इंग्रजी अक्षरांत, पण आपल्याच भाषेत लिहायची...

साहेब, जेवायला चला.

शेजारी सर्किटात डोकं घालून बसलेला मामा मान वर न करता म्हणायचा, "आलोच."

असं त्यांचं जमलं. लग्नानंतरही तेच. ती हाक मारणार, हा "आलोच" म्हणणार आणि जेवण गार होईपर्यंत उठणार नाही.

गेल्या वर्षी तिने अशीच हाक मारली. "आलोच," मामा म्हणाला. बऱ्याच वेळाने उठून गेला.

दोन ताटं वाढलेली होती. मामी खुर्चीत बसलेली. मान खाली...

तेव्हापासून तो शब्द त्याच्या तोंडून कधी आला नाही. कोणी हाक मारली की हातातलं टाकून धडपडत उठायचा. 

तर मंगळवारी. भंगारवाल्याने त्याच्या कंपनीचं एक मशीन आणून दिलं. मामा हरखला. स्क्रू काढले, वायरची पट्टी सोडवून कीबोर्ड बाजूला ठेवला. आत बघतो तर मेमरीच्या चिपा कोणीतरी काढून नेलेल्या. आठच्या आठ सॉकेट रिकामे.

म्हणजे मशीनला एक अक्षरसुद्धा लक्षात ठेवता येणार नव्हतं. चिपा असल्या तरी त्या मेमरीला सारखी उजळणी करून द्यावी लागते, नाहीतर ती क्षणात विसरते. इथे तर काहीच नव्हतं.

पुरेसा करंट येतोय का, एवढंच बघायला त्याने टीव्ही जोडला आणि प्लग लावला. मीटर घेऊन बोर्डावर वाकला.

टक्...

टक्... टक्...

ओळखीचा आवाज. त्याने वाकल्या वाकल्याच डोळ्याच्या कोपऱ्यातून स्क्रीन पाहिला. ओळ वाचली. आणि मान वर न करता बोलून गेला...

"आलोच."

मग त्याचा हात थांबला.

सॉकेट रिकामे होते. कीबोर्ड टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, सुटा पडलेला. आणि स्क्रीनवर स्वच्छ ओळ...

साहेब, जेवायला चला.

मामाने प्लग उपटला.

ओळ तशीच.

प्लग हातात धरून तो बघत राहिला. टक्... टक्... खाली दुसरी ओळ उमटली.

ताट वाढलंय.

स्वयंपाकघरात खुर्ची सरकली.

घरात त्याच्याशिवाय कोणी नव्हतं. तो भिंत धरत गेला. ताट नव्हतं, माणूस नव्हतं. फक्त एक खुर्ची टेबलापासून बाहेर ओढलेली होती.

मामीची नाही. त्याची.

हे त्याने मला आज दुपारी फोनवर सांगितलं. मी घाबरलो. "मामा, ते फेकून दे आधी. आणि तू माझ्याकडे राहायला ये."

"माळ्यावर टाकलंय रे. प्लगही कापून टाकला." मग म्हणाला, "तिला मी शब्द दिलाय पण. मागच्या वेळी दिला आणि उशीर केला."

"काहीतरीच बोलू नकोस हं! तुझं काही ऐकणार नाही मी."

तो हसला. वर्षभरात पहिल्यांदा.

तेवढ्यात मागून ऐकू आलं.

टक्...

टक्... टक्...

"मामा, कसला आवाज आहे तो?"

तो बोलला, पण माझ्याशी नाही. तोंड फोनपासून बाजूला केलं होतं.

"आलोच."

आणि लगेच उठल्याचा आवाज आला. लगेच! मी ओरडत राहिलो, "मामा! अरे मामा!" पलीकडे आधी एक खुर्ची सरकली... मग दुसरी. फोन बंद झाला.

मी बसमध्ये आहे, त्याच्याकडेच निघालोय. हे लिहितोय, कारण हात स्वस्थ बसत नाहीत. मध्ये मध्ये फोन लावतोय. रिंग वाजते, पण तो उचलत नाही.

जेवायला बसला असेल, अशी मनाची समजूत घालतोय.