तासाभरात कोणी येऊ नये

ती शिंकली, आणि जुन्या होड्यांच्या शेडमध्ये कोणीतरी कळवळून म्हणालं, "गेलं!"

काय गेलं ते पाहायला ती वळली. पालथ्या घातलेल्या होडीमागून एक तरुण उठत होता. कानांवर हेडफोन, हातात दांडा, आणि दांड्याच्या टोकाला भिजलेल्या मांजरासारखा दिसणारा केसाळ माईक.

"पाऊण तास झाला होता," तो म्हणाला. "पाण्याचं नुसतं चुबुक-चुबुक... आणि तुम्ही शिंकलात!"

"माझाही पाऊण तास झाला होता," ती म्हणाली. "आणि तुम्ही उगवलात!"

भांडण करायला दोघांनाही पुरेसं कारण होतं.

तिच्या आत्याचं सहलींचं ऑफिस होतं, आणि त्याला जोडून एक मासिकही. नामांकित ठिकाणांमधल्या अपरिचित जागा दाखवणारं नवं सदर आत्या तिला देणार होती, पण एका अटीवर. सर्वांत गजबजलेल्या या किनाऱ्यावर मूठभर जागा शोधून दाखवायच्या. आणि अपरिचित म्हणजे काय, याची आत्याची व्याख्या कडक होती. तिथे तासभर बसायचं. दुसरं माणूस आलं, की जागा बाद. आता एकच जागा शोधायची उरली होती. ती मिळाली नाही तर पुन्हा तिकिटांची खिडकी. त्या खिडकीत बसून तिने अख्ख्या गावाला जगभर पाठवलं होतं. स्वतः ती जेवायला घरी जायची, तेवढाच तिचा प्रवास.

गावात माणसं मावत नव्हती. सूर्यास्त पाहण्याच्या कट्ट्यावर रोज शेकडो लोक सूर्याकडे पाठ करून उभे राहत आणि फोटोत तो नीट आलाय का, ते तपासत. तिच्या हॉटेलच्या खोलीतून समुद्र दिसतो असं मॅनेजरने सांगितलं होतं. दिसायचा, न्हाणीघराच्या खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर वाकलं तर.

आणि हा रेडिओवाला! 'माणूस नसलेला तास' नावाच्या कार्यक्रमासाठी त्याला सलग तासभराचा असा आवाज हवा होता, ज्यात माणसाचं काही नाही. म्हणजे तिला हवी होती तीच जागा त्यालाही हवी होती. बर्फाच्या कारखान्यामागच्या बागेत ती गेली, तर झुडपातून दांडा वर आला. बंद पडलेल्या पोहण्याच्या तलावात उतरली, तर कोरड्या तळाशी हा मांडी घालून बसलेला.

"तुम्ही माझा पाठलाग करताय का हो?"

"मी आधी आलोय."

"मग पुढे राहून करताय!"

त्याला हसू आवरेना, तर तेही रेकॉर्ड झालं. मग उरलेला वेळ दोघांनी तिथेच घालवला. दोघांचंही काम आधीच बिघडलेलं होतं, त्यामुळे गप्पांना हरकत नव्हती.

रात्री आत्याचा फोन आला. "जमत नसेल तर ये परत. खिडकी काही पळून जात नाही."

तिथेच तिने ठरवलं. जागा मिळवायचीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने त्याला चहाच्या टपरीवर गाठलं. "आज मी टेकडीमागच्या जुन्या वेधशाळेत जाणार आहे. तुम्ही कुठेही तडमडा, तिथे येऊ नका."

"मग सांगताय कशाला?"

"येऊ नये म्हणून!"

"सांगितलं नसतं तर आलोच नसतो की."

"चहा... थंड होतोय तुमचा," ती म्हणाली आणि तरातरा निघून गेली.

वेधशाळेचा मनोरा अरुंद होता. लोखंडी गोल जिना चढून वर गेलं की फुटक्या काचांची एक गोल खोली. बाहेर धुकं, आणि छपरावर वाऱ्याची दिशा दाखवणारा पत्र्याचा कोंबडा किरकिरत होता. ती घड्याळ लावून बसली.

कोणी आलं नाही.

"शहाणा आहे," ती स्वतःशी म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "इतकाही शहाणपणा बरा नाही." आणि तास संपायला आला तशी तिच्या तोंडून निघूनच गेलं, "नको तिथे टपकतो... आणि हवा तेव्हा कुठे मेलाय कोण जाणे!"

तास भरला. जागा मिळाली. तिने खरं तर नाचायला हवं होतं. ती पाय ओढत जिना उतरली.

शेवटच्या पायरीवर तो बसला होता.

"अभिनंदन. जागा पास झाली. उद्या परत निघणार मग?"

"तुम्ही कधीपासून इथे?"

"तुम्ही वर चढलात, मागोमाग आलो. पण जिना नाही चढलो. एक सहल इकडे वळत होती, तिला बर्फाच्या कारखान्याकडे पाठवलं."

"आणि रेकॉर्डिंग?"

"छान चाललं होतं. धुकं, वारा, कोंबडा..." तो बुटाच्या नाडीकडे पाहू लागला. "पण जिना गोल आहे ना. वर बोललेलं सगळं खाली येतं."

तिचे कान तापले. "सगळं?"

"'कुठे मेलाय'पर्यंत."

समोरच्या धुक्यात पाहण्यासारखं काही नव्हतं. तरी दोघं ते बराच वेळ पाहत राहिले.

"परवा रेडिओच्या साहेबांना रेकॉर्डिंग द्यायचंय," तो म्हणाला. "नाही जमलं तर लग्नातली भाषणं रेकॉर्ड करायचं जुनं काम आहेच."

तिने पदर खोचावा तशी ओढणी खोचली. "यंत्र सुरू करा. माझा तास तुम्ही सांभाळलात. आता तुमचा मी सांभाळते."

"तुम्ही? तासभर? गप्प?"

"शिंकणारसुद्धा नाही."

पायरी एकापुरतीच होती, तरी दोघं मावले. वारा जिन्यातून घुमत वर गेला. त्याची बाही तिच्या बाहीला लागली, आणि कोणीच सरकलं नाही. मध्येच तिला शिंक आली. तिने नाक घट्ट दाबलं, डोळ्यांतून पाणी आलं, पण आवाज नाही! त्याने रुमाल पुढे केला. तिने तो घेतला, आणि का कोण जाणे, रुमालाबरोबर आलेला हात परत करायचा राहून गेला.

तास जवळजवळ भरला होता. यंत्रावरचा लाल दिवा जळत होता.

"तू... उद्या जाऊ नकोस," तो म्हणाला.

ती दिव्याकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "गेलं!"

तिने फोन काढला. "आत्या, शेवटची जागा मिळाली."

"शाबास! कोणी आलं नाही ना तासभरात?"

"कोणी वर आलं नाही."

"मग उद्या सकाळच्या गाडीने ये."

"उद्या नाही जमणार. इथे एक तास राहिलाय."

"एकच तास ना? मग संध्याकाळची गाडी धर."

तिने हातातल्या हाताकडे पाहिलं. "आत्या, त्या एका तासाला... किती दिवस लागतील, सांगता येत नाही."