बाहेरून कुलूप

पुंडलिकनगरच्या त्या गल्लीत दुपारी निम्म्या दारांना बाहेरून कुलूप दिसायचं आणि आत माणूस घोरत पडलेला असायचा. वाळूजच्या कंपन्यांत रात्रपाळी करणाऱ्यांची ही जुनी युक्ती. कुलूप लावायचं आणि मागच्या दारानं आत जाऊन झोपायचं. मग पाहुणा काय नि वर्गणीवाला काय, आल्या पावली परत. राजेंद्र असाच झोपायचा, दोन घरं सोडून राहणारा गोकुळही तसाच.

राजेंद्रचं घोरणं तर रस्त्यापर्यंत ऐकू यायचं. "आमचे हे लई निर्धास्त झोपतात," असं त्याची बायको मेघा कौतुकानं सांगायची. पण हा निर्धास्त गडी उठायचा तो दिवसभर पोती वाहिल्यासारखा. डोळे लाल, डोकं जड. कंपनीच्या तपासणीत त्याचा रक्तदाब इतका चढलेला निघाला, की डॉक्टरांनी त्याला खुर्चीवरून उठूच दिलं नाही. हृदयावर ताण येतोय, झोप नीट घ्या, म्हणाले.

"झोपू कसा?" घरी येऊन तो खेकसला. "डोळा लागला की कुणीतरी दार वाजवतंय. रोज!"

"बाहेर कुलूप दिसतंय की. कोण वाजवंल?"

"बाहेरचं नाय गं. झोपायच्या खोलीचं."

मेघाला वाटलं, नवऱ्याच्या डोक्यावर तर परिणाम झाला नसेल? दुसऱ्या दिवशी तिनं शिवणाचा क्लास बुडवला, मागच्या दाराला कडी घातली आणि पुढच्या खोलीत तांदूळ निवडत बसली. झोपायच्या खोलीचं दार तिच्या अगदी समोर होतं. लाईट गेलेली, त्यामुळे कूलर बंद. घरात फक्त घोरण्याचा आवाज.

मग तोही थांबला. तिला बरंच वाटलं, गाढ झोप लागली म्हणून. पण कान दिला तर श्वासच ऐकू येईना.

टक. टक.

समोरच्याच दारावर. दारापाशी कुणी नव्हतं.

आत राजेंद्र बुडता माणूस वर यावा तसा श्वास ओढत उठला, खोकला आणि पुन्हा आडवा झाला. थोड्या वेळानं पुन्हा तेच. घोरणं चाललंय तोवर दार गप्प. श्वास अडला की टकटक.

मेघाच्या हातून परात सुटली, तांदूळ घरभर झाले. पण बाई खमकी. ती त्याला घेऊन डॉक्टरांकडे गेली. दाराचं एक अक्षर काढलं नाही, श्वासाचं मात्र सगळं सांगितलं. झोपेची तपासणी झाली. झोपेत घसा मिटतो, श्वास अडतो आणि दर वेळी हृदयाला दुप्पट राबावं लागतं, असं निघालं. झोपताना लावायचा मास्क आणि हवेचं यंत्र घरी आलं.

"श्वास अडतो हे तुम्ही ओळखलंत, फार बरं झालं," डॉक्टर म्हणाले.

"मी नाही ओळखलं," मेघा म्हणाली.

पावसाळा संपेपर्यंत राजेंद्रचा चेहराच बदलला. रक्तदाब उतरला. संध्याकाळी तो तिला गाडीवर क्रांती चौकात फिरवून आणू लागला, वाटेत गाणीही म्हणू लागला. दार पुन्हा कधी वाजलं नाही. मेघाची भीती गेली, उरली ती माया. जे कुणी होतं, त्यानं तिचा संसार राखला होता.

अशाच एका दुपारी ती क्लासहून परतत होती. गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

टक. टक.

गोकुळच्या घरातून.

ती थबकली. त्याची बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली, गोकुळ घरात एकटाच. घोरणं ऐकू येत नव्हतं.

टकटक वाढली. आत कुठलंतरी दार धडाधडा वाजू लागलं.

"गोकुळ! ए गोकुळ, ऊठ रं!" खिडकीची जाळी धरून मेघा ओरडली.

आवाज थांबला.

काहीच नाही.

मग आत कुणीतरी खोल, घरघरता श्वास ओढला. मेघाच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"उठलो वहिनी," आतून गोकुळचा झोपाळू आवाज आला. "व्हय, उठलो म्हणलं ना. पायाचा अंगठा सोडा आता."