दोनशे बावन्न मिनिटं

"मिस्टर हार्लन, आमच्या डेव्हिनच्या गाडीतला पिवळा दिवा तुम्हीच गप्प केला होता ना?"

टेसा नोविकीने विचारलं आणि तिच्या मागे उभ्या मैत्रिणीचा, ब्रिडीचा, डोनट तोंडाशीच थांबला. पैज ब्रिडीनेच लावली होती. "तू विचारणार? हजेरीला 'प्रेझेंट' म्हणताना तुझा आवाज फुटत नाही!" गेल्या वर्षीपर्यंत ते खरंही होतं. पण यंदा शाळेच्या ऑटो शॉपच्या, म्हणजे गाडीदुरुस्तीच्या, तासाला टेसाने सोळा मुलग्यांच्या आधी अख्खं इंजिन खोलून परत जोडलं, एक बोल्टही न उरवता, आणि तेव्हापासून तिला कसली म्हणून भीती वाटेनाशी झाली होती.

टोलेडोत दर शनिवारी सकाळी डोनटच्या दुकानासमोर गाडीवेडे जमत. बॉनेटं उघडी, हातात कॉफी, ज्याची त्याची आपापल्या टर्बोची फुशारकी. बक हार्लन तिथला राजा. निम्म्या गाड्यांचे सायलेन्सर त्याच्याच गॅरेजात बदललेले.

हार्लनने कॉफीचा घोट घेतला. "तुझ्या भावाने तो पाइप घरच्या अंगणात स्वतः बसवला, पोरी. मी फक्त विकला. पोलिसांनाही हेच सांगितलंय."

"मी मागच्या सीटवर बसले होते. तुमच्या गॅरेजात."

"तेव्हा का नाही बोललीस?"

तेव्हा टेसाचा आवाज फुटला नव्हता, एवढंच.

गेल्या शरद ऋतूत एकोणीस वर्षांच्या डेव्हिनने आपल्या निळ्या गाडीला टर्बोमागचा जाड, मोकळा पाइप बसवून घेतला. धूर गाळणारी जाळी गेली, आवाज भरदार झाला. कंपनीचा मूळ पाइप, सगळेच ठेवतात तसा, गाडी विकायच्या दिवसासाठी जुन्या चादरीत गुंडाळून तळघरात ठेवला. जाळी नाही म्हटल्यावर सेन्सर कुरकुरतो आणि समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. त्यावर या लोकांचा इलाज ठरलेला: गाडीच्या कंप्युटरला नवा प्रोग्रॅम भरवायचा, की बाबा, याबद्दल बोलू नकोस. हार्लनने घाईत सायलेन्सरच्या बाजूचे सगळेच इशारे बंद करून टाकले. "सेन्सरला काय कळतंय? बिनधास्त चालव," तो म्हणाला होता.

फेब्रुवारीत पाइपचा सांधा सुटला. दिवा लागायला हवा होता. लागला नाही. कारखान्यातली पाळी संपवून डेव्हिन एरी सरोवराच्या काठाला गेला. मित्र बर्फावर मासे धरत होते, हा गाडीत हीटर लावून, काचा वर करून त्यांची वाट बघत बसला आणि तिथेच झोपला. धूर आत येत राहिला, आणि डेव्हिन पुन्हा उठला नाही. बाहेर बारा अंश फॅरनहाइट, गोठणबिंदूच्या बरंच खाली. इंजिन दोनशे बावन्न मिनिटं चालू होतं. पोलिसांच्या अहवालातला हा आकडा बाबांनी स्वयंपाकघरात मोठ्याने वाचला होता, मग पुन्हा कुणीही त्या आकड्याचं नाव काढलं नाही.

"चला, मंडळी," हार्लन आपल्या लाल गाडीत बसला. किल्ली फिरवली. समोर पिवळा दिवा लागला.

लोक हसले. "राजाच्याच घरात अंधार!" कुणीतरी ओरडलं. "अंधार कुठला, उजेड म्हण!" दुसऱ्याने भर घातली. हार्लनही हसला. त्याने बिघाडाचे कोड वाचणारा आपला स्कॅनर काढून जोडला. स्कॅनर म्हणाला, कोड नाही. दिवा मात्र जळतच होता.

टेसाच्या दप्तरात डेव्हिनचा जुना स्कॅनर होता. "लाव की," ब्रिडीने तिला कोपराने ढोसलं. टेसाने लावला.

त्याच्यावर कोड आला. जाळीचाच. कोडबरोबर त्या क्षणाची नोंदही साठवलेली असते: वेग किती, बाहेर थंडी किती, इंजिन किती वेळ चालू. जून महिना होता, डांबर तापून मऊ झालं होतं. नोंदीत लिहिलं होतं: वेग शून्य. बाहेर बारा अंश. इंजिन चालू, अडतीस मिनिटं.

हार्लनने गाडी नुकती सुरू केली होती.

"भंगार आहे तुझा स्कॅनर," तो म्हणाला. टेसाने कोड पुसला. दिवा विझला.

बुधवारी हार्लनचा फोन आला. दिवा परत लागला होता. त्याचे तिन्ही स्कॅनर काही सांगत नव्हते. शाळा सुटल्यावर टेसा गेली. बारा अंश. शहाण्णव मिनिटं. पुसलं की दिवा विझायचा, दोन-तीन दिवसांनी पुन्हा लागायचा. हार्लनने सेन्सर बदलले, कंप्युटर बदलला, शेवटी दिव्याचा बल्बच उपटून काढला. दिवा लागला.

मग तो बायकोची गाडी चालवायला लागला. त्या गाडीत टर्बो नव्हता. तिथेही दिवा लागला. एकशे एकोणसाठ मिनिटं.

"गाडीत बसलं की डोकं दुखतं," तो एकदा म्हणाला. त्याचे गाल लालबुंद दिसत होते. डेव्हिनचेही तसेच होते, विषारी धुराने होतात तसे. शवपेटीजवळ मावशी म्हणाली होती, किती ताजातवाना दिसतोय पोरगा. टेसाला ते आठवलं आणि तिच्या पोटात काहीतरी गोड, गरम पसरलं. तिला त्याची लाज वाटली नाही.

"तो मिनिटांचा आकडा कसला गं?" हार्लनने विचारलं.

"सेन्सरला काय कळतंय?" टेसा म्हणाली. "बिनधास्त चालवा."

त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. पहिल्यांदाच.

शुक्रवारी दुपारी त्याने तिला गॅरेजच्या मागे नेलं. तिथे त्याच्या वडिलांचा जुना पिकअप उभा होता. पन्नास वर्षांपूर्वीचा. ना कंप्युटर, ना सेन्सर, स्कॅनर जोडायला जागा नाही. पत्र्याच्या डॅशबोर्डवर फक्त वेगाचा आणि पेट्रोलचा काटा.

हार्लनने किल्ली फिरवली.

दोन काट्यांच्या मधे, सपाट पत्र्यावर, पिवळा उजेड पडला. आतून आल्यासारखा. टेसाने बोट लावलं. पत्रा बर्फासारखा गार होता.

तिच्या हातातला स्कॅनर कशालाच जोडलेला नव्हता. त्याचा पडदा उजळला.

बारा अंश. दोनशे एकेचाळीस मिनिटं.

"पूस ते," हार्लन म्हणाला. त्याचा आवाज घोगरा झाला होता. "पोरी, पूस."

"पुसलं तरी वाढतंय. ते कुठे थांबणार, मला माहितीये."

"कुठे?"

"आधी लिहून द्या. पाइप तुम्ही बसवला. दिवा तुम्ही गप्प केला. मग सांगते, आणि रोज येऊन बघतेही."

हार्लनने हाताचं ग्रीस फडक्याला पुसलं. "गॅरेज जाईल माझं. दोष गेलेल्या पोराच्या नावावर आहे, तो राहू दे ना. त्याचं आता काय बिघडतंय?"

टेसाने स्कॅनर दप्तरात टाकला.

"बरं," ती म्हणाली, आणि सायकलवर टांग मारून घरी आली.

संध्याकाळी सहाला, नेहमीसारखं, तिघं जेवायला बसले. खिडकीतून ऊन थेट टेबलावर आलं होतं. टेसाचा फोन वाजला. बंद झाला. परत वाजला.

"कोण आहे?" बाबांनी विचारलं.

"हार्लन." टेसाने काटा खाली ठेवला, पाठ ताठ केली. इतका स्पष्ट आवाज तिने या टेबलावर कधी काढला नव्हता. "आई, बाबा, मी ठरवलंय. मी फोन घेणार नाही. उद्याही त्याच्याकडे जाणार नाही. त्याला काहीही सांगणार नाही."

आईने उकडलेल्या बटाट्यांचं भांडं तिच्यापुढे सरकवलं.

"आज किती मिनिटं झाली?" आईने विचारलं.

टेसाने घरात कुणालाच काही सांगितलेलं नव्हतं.

"दोनशे एकेचाळीस," ती म्हणाली.

आईने मान हलवली. बाबांनी उठून वाजता फोन चमच्यांच्या खणात टाकला, खण बंद केला आणि परत येऊन जेवायला बसले. आत चमचे बराच वेळ थरथरत होते.